खालच्या थरातला बोकड

शालिनी गेल्याचा फोन नागपूरच्या दवाखान्यातून पुतण्याने केला, तेव्हा मी मेथी निवडत होते. पहिला विचार काय आला सांगू? माझ्याहून धाकटी, आणि इथंही माझ्या आधी नंबर लावला! महिना होत आला आता. पांढुर्ण्याच्या मोक्षधामात तिचे विद्यार्थी इतके जमले, की घरच्यांनाच मागं उभं राहावं लागलं. माझ्या वेळी एवढे येतील का, हाच विचार मी तिथं करत होते... अशी मी.

ती माझी धाकटी जाऊ, सौंसरची लेक. ऐंशीच्या दशकात आमच्या घरात आली ती बी.एस्सी. होऊन, शाळेतली नोकरी घेऊन. माझ्या भाकरीचं कौतुक तेव्हापासून बंद. त्याच उन्हाळ्यात तिगावच्या शेतात आमची विहीर खोदणं चाललं होतं. काळ्या दगडाला सुरुंग लावता लावता मधेच पांढुरका पट्टा लागला आणि त्यात इवले इवले शंख, दगडच झालेले. शालिनी पदर खोचून ढिगाऱ्यावर जाऊन बसली. संध्याकाळी अंगणात सगळ्यांना सांगू लागली, की इथं तळं होतं, वरून लाव्हा आला, सगळं दबलं. जितकं खाली तितकं जुनं. जगभर असे थर उकरले, तर पार खाली मासेसुद्धा नाहीत. मग मासे, मग बेडकासारखे जीव, मग सरपटणारे, आणि गाई-बकऱ्या फार वर, या तळ्याच्याही कितीतरी नंतर. एकातून एक बदलत आले, म्हणून हा क्रम. सासूबाई पानाला चुना लावायला विसरल्या. "मोठे, काय सांगून राहिली धाकटी, ऐक वो जरा! तू नुसती भाकरीच थापत राहशील."

झालं! पोटात भडका उडाला. रविवारी बोकडाची मुंडी शिजली होती. त्यातला एक दात मी विहिरीसाठी कालवलेल्या ओल्या सिमेंटात दाबला, वर पांढऱ्या दगडाचा चुरा भुरभुरला आणि वाळल्यावर सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला. "शंखांच्या शेजारीच सापडला, शालिनी. बकरी तुझ्या तळ्याकाठीच चरून राहिली होती!"

शालिनीचा चेहरा उतरला. खरंच उतरला. मला वाटलं, जिंकले. तिने तो गोळा उलटापालटा केला, नाकाशी नेला आणि खो खो हसत सुटली. "जाऊबाई, कोट्यवधी वर्षांच्या बकरीला गरम मसाल्याचा वास येऊन राहिला!" सासूबाईंना हसता हसता ठसका लागला.

भांडी घासताना मात्र ती हळूच म्हणाली, "घाबरवलं होतं तुम्ही मला. त्या थरात खरा एक जरी बोकडाचा दात निघाला ना, तर मी शिकवते ते सगळं चुकलं. शोधा तुम्ही. मनापासून सांगते."

आता हे कोणी जळक्या जावेला सांगतं का! मी लागले शोधायला. रामाकोन्याला, नाहीतर आसपासच्या कुठल्या गावात विहीर खोदून राहिले असं कळलं, की मी तिथं हजर. शंख सापडले. एकदा माशाचा खवला सापडला. तो मी शालिनीपुढे आदळला, तर तिने शाळेत माझ्या नावानिशी मांडून ठेवला. त्याचाही राग आला. मोठेपणासुद्धा हिनंच दाखवायचा! बोकड काही भेटेना. मी परतले की ती दारातूनच विचारायची, "आज हरले का मी?"

मागच्या आठवड्यात बोरगावला एका विहिरीत पांढरा दगड लागल्याचं कळलं. ऑटो करून गेले. गुडघे नको म्हणत होते, तरी ढिगाऱ्यावर बसले, एकेक दगड उलटवत गेले... आणि एका दगडाच्या कडेला दाताएवढं, पिवळट काहीतरी चमकलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर, आणि माझा हात पुढे होईना. ती बिचारी उत्तर द्यायला नाही, आणि सापडायचं ते आजच? शेवटी पदराने माती पुसली. शंख होता, आडवा पडलेला.

"सुटले बाई!" मी मोठ्याने म्हटलं. विहिरीवरचे मजूर माझ्याकडे बघतच राहिले.