लग्नाआधीचा आहेर

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकणार आहे. वेलांटी पहिली की दुसरी हे मला कधी कळलं नाही, आणि कळायच्या आधीच चौथीतून शाळा सुटली. अक्षरही कोंबडीने अंगण उकरल्यासारखं आहे. कुणाला वाचायला द्यावं म्हणून मी हे लिहीत नाही. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. घरातसुद्धा माझं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई' एवढ्यावर भागतं. पण एकदा मी बोलले होते, आणि ते कुठेतरी माझ्या हाताने लिहिलेलं असावं असं वाटतं.

आमचं गाव कडेगावजवळ. मालक फौजेतून हवालदार होऊन घरी आले, तेव्हापासून ऊस बघतात. आम्हाला एकच मुलगी. कराडला तिची बारावी झाली आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहावर तिला काम मिळालं. तिथे उठता-बसता इंग्रजी कानावर. तिथल्या एका शिक्षिकेने तिला इंग्लंडमधल्या विद्यापीठाचा अर्ज भरायला लावला. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. शिष्यवृत्ती मिळाली. फी, राहणं, जेवण त्यांचं. विमानाचं तिकीट, गरम कपडे आणि सुरुवातीचा खर्च आपला.

काय शिकणार ते तिने मला चुलीपाशी बसून सांगितलं. आंतरराष्ट्रीय विकास, मानववंशशास्त्र आणि राजकारण. त्यातलं एक वर्ष आणखी तिसऱ्याच देशात जाऊन राहायचं, तिथली माणसं कशी जगतात ते बघायचं. मी ते नाव पाठ केलं. भाकरी थापताना मनात म्हणायची. कुणी विचारलं तर अडखळायला नको म्हणून.

विचारलं बऱ्याच जणांनी. विकास सोसायटीचे चेअरमन वाटेत भेटले तेव्हा मालकांना म्हणाले, "आंतरराष्ट्रीय विकास म्हंजी आपल्या सोसायटीगतच की. येताना कमी व्याजाचं पीककर्ज मिळतंय का बघाय सांगा पोरीला." ते चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी 'वंश' एवढाच शब्द धरला. "वंश सांगाय हेळवी येतुय की दरसाल, बैलावर बसून, घंटा वाजवत. पायलीभर शाळू घातला की सात पिढ्या घडाघडा सांगतुय. त्येच शिकाय इमानानं जायाचं?"

"त्यो बायकांची नावं घेत न्हाई, मोठ्या आई," मुलगी म्हणाली.

"घेऊन काय करायचंय?" जाऊबाई म्हणाल्या.

खरी अडचण मालकांची होती. ते पोरीवर रागावले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "राजकारण शिकाय विलायतेला कशाला? कारखान्याच्या निवडणुकीत चार दिवस माझ्यामागं फिर म्हणावं, समदं येतंय." मग ताटावरून उठता उठता म्हणाले, "लग्नाचा पैसा लग्नाला. त्याला हात लागायचा न्हाई. बाकी तुमचं तुमी बघा." हे म्हणताना माझ्याकडे बघून हसले. मी काय बघणार होते?

मी खूप विचार केला. लग्नासाठी त्यांनी जमवलेला पैसा त्यांचा. पण लग्नात आहेर येतो, तो कुणाचा? आमच्याकडे आहेराचा हिशेब बायकांच्या डोक्यात असतो. कुणी साडी नेसवली, कुणी पाकीट दिलं, ते विसरायचं नाही. तिच्या दारात कार्य निघालं की परत करायचं, आणि वर थोडं घालून करायचं. जेवढ्यास तेवढं परत केलं तर संबंध तोडल्यासारखं होतं. मी लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांच्या दारात आहेर करत आले होते. तेव्हा माझ्या दारातही कधी ना कधी आहेर येणारच होता. तो आताच मागितला तर?

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पुढचा सोपा बायकांनी भरला होता. मी वाण वाटलं, तिळगूळ दिला, आणि बायका उठायला लागल्या तसं माझ्या तोंडातून निघालं, "जरा बसा." सगळ्या बसल्या. कुणाच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. मी हातातल्या तबकाकडे बघून बोलले.

"माझ्या लेकीच्या लग्नात तुमी जो आहेर करणार, त्यो मला आत्ता द्या. तिला तिकडं शिकाय जायाचंय. लग्नात मी कुणाकडनं काय घेणार न्हाई. तुमच्या दारात कार्य निघंल तवा माझा आहेर येईल."

बांगड्यांचा आवाजसुद्धा थांबला.

मग जाऊबाईच म्हणाल्या, "आन तिनं लगीनच केलं न्हाई तर? तिकडनं गोरा आणला तर?"

"तरीबी परत करीन."

"गोऱ्याला आहेरात टोपी द्यायची का फेटा?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. तबक खाली ठेवलं तेव्हा बघितलं, कुंकू सगळं हळदीत सांडलं होतं.

जाऊबाईंनी कमरेची पिशवी सोडली. "धाकटे, एवढ्या वर्सांत पहिल्यांदा तोंड उघडलंस. न्हाई म्हणलं तर पुन्यांदा कवा उघडशील कुणाला ठावं," असं म्हणून शंभराच्या नोटा माझ्या तबकात ठेवल्या. सगळ्यांत आधी त्यांनी. हे मी लिहूनच ठेवते, कारण त्यांच्या जिभेबद्दल मी मनात पुष्कळ वाईट म्हटलेलं आहे.

बाकीच्यांनी कुणी तिथेच दिलं, कुणी घरी जाऊन आणलं. माझा भाऊ सांगलीला हळदीच्या पेढीवर कामाला होता. मामाचा आहेर मोठा असतो. तो एसटीने आला, पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "अंगठीचं आन पोशाखाचं. आता लग्नात मला रिकाम्या हातानं नाचाय मोकळीक." तरीही तिकिटाला कमी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी शेजारच्या नानी आल्या. नानींचे यजमान फार पूर्वी गेले, मूलबाळ नाही. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नसे, मीही बोलावलं नव्हतं. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ओच्यातून फडक्याची गाठ काढली. आता वयामुळे काम होत नाही म्हणून त्यांनी म्हैस विकली होती, तिचे पैसे होते ते.

"नानी, एवढं नगं. हातउसनं म्हणून घेते, आन लवकर फेडते."

"हातउसनं कुणी दिलं?" त्या रागावल्या. "त्या सोप्यातल्या बायकांनी आहेर केला, मी उसनं देऊ व्हय? आहेर हाय ह्यो. माझ्या दारात कार्य निघंल तवा परत कर."

त्यांच्या दारात कार्य निघणार नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पैसे घेतले. तिकीट पुरं झालं.

मुलगी विलायतेला गेली. मालक तिला सोडायला मुंबईला गेले, आणि परत आल्यावर गावात सगळ्यांना विमानतळ कसा असतो ते सांगत सुटले. जणू त्यांनीच धाडलं होतं. मला बरंच वाटलं.

पुढची वर्षं मी आहेर फेडण्यात घालवली. माझ्याकडे दोन गाई होत्या. डेअरीचा दुधाचा पगार यायचा, त्यातून बाजूला टाकायची. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाची वास्तुशांत. ज्या बाईने दिलं होतं तिच्या दारात कार्य निघालं की मी पुढे. तिने दिलेलं आठवून, वर थोडं घालून. मुलीने तिकडे वाचनालयात काम करून थोडे पैसे पाठवायची तयारी दाखवली. मी मालकांकडून लिहवून घेतलं, पाठवू नकोस, शब्द मी दिलाय. भावाच्या मुलाच्या लग्नात मी अंगठी केली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू तर सरकारपेक्षा वक्तशीर."

जाऊबाई अधूनमधून विचारायच्या, "आहेर निम्मा परत बी झाला, नवरा कुठं हाय?" मी म्हणायची, "शिकतीया अजून." माझं बोलणं तेवढ्यावरच होतं, पण आता ते मोठ्याने निघायचं. हळूहळू सगळ्यांचं फिटलं, नानींचं तेवढं राहिलं.

मग मुलीचं ते तिसऱ्या देशातलं वर्ष आलं. ती आफ्रिकेतल्या एका गावात राहायला गेली, डोंगराच्या पायथ्याला, मक्याच्या शेतांत. तिथून पत्र आलं. मी ते स्वतः वाचलं, एक दुपार लागली. तिने लिहिलं होतं, 'आई, इथेही आहेर आहे. बायका अंगावरच्या कापडाच्या गाठीत पैसे बांधून आणतात आणि आळीपाळीने एकीच्या घरी देतात. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मी तुझं हळदीकुंकू सांगितलं. त्या हसून हसून लोळल्या. मग एका म्हातारीने विचारलं, तुझ्या आईने सगळ्यांचं फेडलं का? मी म्हटलं, एकीचं राहिलंय. म्हातारी म्हणाली, ती एकटी असेल, तिच्याकडे कुणी नसेल. तिला कसं कळलं, आई?'

मी पत्र घडी करून ठेवलं आणि मागच्या दारात जाऊन बसले. नानींचं दार दिसत होतं. दारात तेलाच्या जुन्या डब्यात तुळस. चांगली उंच झालेली.

मुलगी शिक्षण पुरं करून दिवाळीला घरी आली. सांगलीत बायकांच्या गटांचं काम करणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरीही मिळाली होती. तिने लिहिलेला प्रबंध मला दाखवला. सगळं इंग्रजीत. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "हे वाच, आई." चार अक्षरं होती. "आहेर," ती म्हणाली. पुढची पानं मी स्वतः उलटली आणि ती चार अक्षरं जिथे जिथे दिसली तिथे बोट ठेवत गेले. माझं हळदीकुंकू विलायतेच्या विद्यापीठात जाऊन बसलं होतं.

त्याच आठवड्यात मी नानींकडे गेले.

"नानी, तुमची लेक उजवायची हाय."

"मला कुठनं लेक?"

"दारात हाय की. एवढी वाढली. तिचं लगीन करणार न्हाई व्हय?"

नानींनी तुळशीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या दारात भटजी येणार न्हाई. आन कन्यादान म्या कसं करायचं?"

"लेक तुमची, दान तुमीच करायचं. भटजी नगं, आमी हाय."

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लग्न लागलं. मालकांनी आमच्या शेतातला ऊस तोडून मांडव घातला. ऊस म्हणजे तुळशीचा मामा. जाऊबाईंनी त्यांच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणला, नवरदेव म्हणून. आळीतल्या सगळ्या बायका आल्या, माझ्या सोप्यात होत्या त्याच. मुलीने अंतरपाट धरला. मंगलाष्टकं मालकांनी म्हटली. शेवटी त्यांनी "शुभमंगल, सावधान" असं काही परेडच्या आवाजात म्हटलं की आळीतली पोरं टाचा जुळवून ताठ उभी राहिली. नानींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते दिसलं नाही. मग त्यांनी पुढे होऊन तुळशीवर पाणी सोडलं, लेकीचा हात दिल्यासारखं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

जाऊबाई माझ्या मुलीला म्हणाल्या, "डब्यातल्या तुळशीचं झालं. आता तुझं?"

"माझ्या पत्रिकेवर छापणार हाय, आहेर आणू नये."

"आणायचं राहिलंय काय?" जाऊबाई म्हणाल्या.

मी आहेर पुढे केला. नानींना लुगडं, तुळशीला खण, आणि पाकीट. म्हशीचे सगळे पैसे, आणि वर रुपया. माझ्या दुधाचे. सगळ्यांसमोर दिलं, तबकाकडे न बघता, नानींच्या तोंडाकडे बघून.

नानींनी पाकीट उघडलं नाही. बाहेरून चाचपलं, रुपया बोटाला लागला तसं मान हलवली आणि कनवटीला लावलं.

"फिटला गं," त्या म्हणाल्या. "पुरता फिटला."