आईच्या चाकूची मूठ

सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या दारातून आई बाहेर आली ती तणतणतच. मला जवळ घेतलं नाही, प्रवास कसा झाला ते सांगितलं नाही. ट्रॉली माझ्याकडे ढकलत म्हणाली, "माझा चाकू काढून घेतला गं त्यांनी. मुंबईला, सिक्युरिटीत."

"पर्समध्ये चाकू ठेवलास?"

"पर्समध्येच असतो तो. चष्म्याच्या घराशेजारी."

ते खरंच होतं. आई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि निवृत्त झाल्यापासून पुण्यातल्या आमच्या सोसायटीची सगळी झाडं तिच्या ताब्यात होती. शिंगाच्या मुठीचा तो छोटा घडीचा चाकू तिने माझ्या जन्माआधी घेतला होता. त्याने ती कलमं करायची, पेरू कापायची, पार्सलं फोडायची. माझ्या शाळेतल्या पेन्सिलींना टोकंही त्याच चाकूने झाली.

"इथे दुसरा घेऊ," मी म्हणाले. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे.

मी आणि माझा नवरा शहराच्या उत्तरेला, यिशुनला राहत होतो. आमच्या इमारतीखाली रहिवाशांनी मिळून केलेली एक बाग होती, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई तिथे पोचली. चौथ्या मजल्यावरच्या एका चिनी आज्जींशी तिची मैत्री झाली. त्या हॉकियन ही चिनी बोली बोलायच्या, इंग्रजी थोडंसं. आईला हॉकियनचा एक शब्द येत नव्हता. पण जास्वंद दोघींना येत होती. आज्जींची एक केशरी, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद मुळाशी कुजत चालली होती. बाजूलाच साधी लाल जास्वंद धष्टपुष्ट उभी होती. आईने हातवारे करून त्यांना समजावलं की केशरीची फांदी लालच्या खुंटावर बांधता येईल. आज्जींनी दोन्ही हातांनी आईचा हात धरला.

"आता मला चाकू हवा," आई वर येऊन म्हणाली. "आणि चांगला हवा. पातं लागलं की सालीची कड चुरगळता कामा नये."

आम्ही दुकानं पालथी घातली. पाती चांगली होती. पण आई चाकू हातात घ्यायची, मिटलेली मूठ तळव्यात फिरवायची आणि परत ठेवायची. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेली काही वर्षं दुखायचा, हे मला फोनवरून माहीत होतं. किती दुखतो ते त्या दुकानांत कळलं. बारीक, गुळगुळीत मूठ घट्ट धरायची म्हटली की तिचा चेहरा आक्रसायचा.

"पातं काय, कुणीही धार लावून देईल," ती म्हणाली. "मला मूठ हवी आहे."

मी तुआसच्या एका कारखान्यात मटेरियल्सची इंजिनिअर होते. दिवसभर माझं काम म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या वाकवायच्या, मोडायच्या, कशाने मोडल्या ते लिहायचं. जेवणाच्या सुट्टीत मी हा किस्सा सांगितला तेव्हा समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. तो सिंगापूरचाच, डिझाइन विभागातला, तसा अबोल माणूस. इतकी वर्षं शेजारी बसून मला पत्ता नव्हता की तो शनिवार-रविवार घडीचे चाकू बनवतो. त्याने फोन काढला आणि एकामागून एक फोटो दाखवायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझ्या आईला शनिवारी घेऊन ये," तो म्हणाला. "माझ्याकडे एक पातं तयार आहे. मुठीचं अजून ठरलेलं नाही."

त्याने आणखी तिघांबरोबर एका औद्योगिक इमारतीत छोटी जागा भाड्याने घेतली होती. आम्ही पोचलो तेव्हा त्याने टेबलावर पांढरं कापड अंथरून मुठींचे सगळे तुकडे मांडून ठेवले होते. मी बघतच राहिले. काळं आबनूस. लालसर, तेलकट दिसणारं लाकूड. रंगवलेलं हाड. म्हशीचं शिंग. टायटॅनियमचा करडा पत्रा. काचतंतूंचा हिरवा तुकडा. आणि कार्बन फायबर, आत विणीचे चौकोन चमकत असलेलं. मी त्या कार्बन फायबरवर अक्षरशः झडप घातली.

"आई, हे बघ! किती हलकं आहे! आणि पोलादाइतकं ताठ. हे कधी फुगणार नाही, वाकणार नाही—"

आईने तो तुकडा घेतला. "बाळा," ती माझ्या सहकाऱ्याला म्हणाली, तिच्या कॉलेजातल्या ठणठणीत इंग्रजीत, "पाणी मिळेल का? आणि थोडा साबण."

त्याने वाडगाभर पाणी आणलं. आईने हात भिजवले, साबण चोळला, डोळे मिटले आणि एकेक तुकडा मुठीत धरून बघायला लागली. बागेत हात कधी कोरडे नसतात, हे तिने त्याला डोळे मिटूनच सांगितलं. कार्बन फायबर सटकन निसटलं. "साबणाची वडी आहे ही," ती म्हणाली. टायटॅनियम गार लागलं. गार लागलं की अंगठा ठणकतो. काचतंतूंचा तुकडा पकड चांगली देत होता, पण त्याच्या खरखरीत कडा तळव्याला बोचल्या. लाकडाचा तिने आधी वास घेतला.

"हे शिसवाच्या जातीतलं आहे."

"हो, आँटी!" तो आनंदाने म्हणाला.

"सुंदर आहे. पण मी ते मातीत विसरणार, पाऊस पडणार, आणि मग मलाच वाईट वाटणार."

शिंगापाशी ती थांबली. बराच वेळ अंगठ्याने चोळत राहिली. मला वाटलं, ठरलं. माझा सहकारीही शिंगाची बाजू घेऊन बोलला, पण त्याने हेही सांगितलं की ओलं-कोरडं होत राहिलं की शिंग वाकतं, खिळ्यांपासून सुटतं. "ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "माझं पुण्याच्या उन्हाळ्यात दोनदा तडकलं." तिने तो तुकडा हळूच खाली ठेवला.

टेबलाच्या कडेला एक मळका तपकिरी तुकडा होता. त्याला कुणी हात लावला नव्हता. आईने तो उचलला आणि तिच्या भुवया वर गेल्या. तिने पुन्हा हात भिजवला, पुन्हा धरला.

"हे काय आहे? पुठ्ठा?"

"मिकार्टा, आँटी. कापडाचे थर राळेत भिजवायचे आणि दाबून धरायचे. दगडासारखं घट्ट होतं. पण पॉलिश केलं नाही तर वरची कापडाची लव राहते. ओलं झालं की उलट जास्त धरतं."

आईने डोळे उघडले. "कापड? म्हणजे कुठलंही कापड?"

"सुती असलं तर उत्तम."

"मग आपण घरी करू शकतो!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मी तो तुकडा आईच्या हातून घेतला आणि कडेचे थर मोजायला लागले. मी रोज असेच थर दिलेले पदार्थ मोडायचे, पण स्वतःच्या हाताने एकही बनवला नव्हता. आणि आता माझी आई मला ते करायला सांगत होती.

मुठीचा आकारही आईनेच ठरवला. दुसऱ्या दिवशी घरी तिने घट्ट कणीक मळली, मूठभर गोळा घेतला आणि कलम करताना धरते तसा धरला. बोटांच्या खुणा उठल्या. तो गोळा आम्ही मंद ओव्हनमध्ये वाळवला आणि सोमवारी मी तो डब्यात घालून तुआसला नेला. माझ्या सहकाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"ही मूठ माझ्या नेहमीच्या मुठीपेक्षा खूप जाड आहे," तो म्हणाला. "आणि अजून एक. अंगठा दुखतो तर त्या पात्याच्या खाचेत नख घालून ती चाकू उघडणार कसा?"

ते आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने मुठीला एका बाजूने अर्धगोल कापायचं ठरवलं, म्हणजे पातं चिमटीत धरून उघडता येईल. मी संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लग्न झालंय का गं त्याचं?" झालं होतं.

आता कापड. आईची एक हळदी रंगाची सुती ओढणी होती, ती तिने स्वतःच पुढे केली. "पिवळं दिसलं पाहिजे. गवतात पडला तरी सापडेल." त्याच्या जोडीला काहीतरी दणकट हवं होतं. मी शनिवारी उठले तर आई हॉलमध्ये कात्री घेऊन बसलेली आणि समोर निळ्या डेनिमच्या पट्ट्यांचा ढीग.

"ही कुठली जीन्स?"

"बाल्कनीतल्या पिशवीत होती. टाकायच्या कपड्यांत."

आतल्या खोलीतून माझा नवरा आला, ढिगाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. "आई, ती पिशवी टेलरकडे द्यायची होती."

आईच्या हातातली कात्री थांबली. मग ती म्हणाली, "जावईबुवा, आता तिचं सोनं करते मी." तो हसायला लागला आणि हसता हसता खाली बसून पट्ट्या मोजून कापायला लागला. बँकेतला माणूस, त्याच्या पट्ट्या आमच्यापेक्षा सरळ निघाल्या.

पहिला प्रयत्न फसला. मी राळ आणि ती घट्ट करणारं हार्डनर एकाच मोठ्या भांड्यात एकदम कालवलं. सिंगापूरची दुपार, वाऱ्याची झुळूक नाही. आम्ही जेमतेम निम्मे थर लावले असतील, तोवर भांडं हाताला चटका देऊ लागलं आणि त्यातून धूर यायला लागला. मी ते चिमट्याने धरून धावत बाल्कनीत नेऊन ठेवलं. जे थर लागले होते ते सकाळी वहीच्या पानांसारखे सुटले. माझं तोंड उतरलं. आई मात्र एकेक पान सोडवून उजेडात धरत होती.

"मधेच कोरडं राहिलंय. राळ आत शिरायच्या आधीच घट्ट झाली. गार जागा हवी."

घरातली गार जागा म्हणजे बेडरूम. आम्ही एसी पार खाली नेला, पलंगाची गादी भिंतीला टेकवली, जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, हातमोजे घातले. या वेळी राळ वाटी-वाटीने कालवली. नवरा कालवायचा, आई कापड बुडवून पिळायची, मी थर लावायचे. निळा, निळा, पिवळा. निळा, निळा, पिवळा. आईने शाल पांघरली होती आणि तिचं नाक गारठून लाल झालं होतं, पण ती प्रॅक्टिकलच्या तासाला द्याव्यात तशा सूचना देत होती. शेवटी दोन फळ्यांमध्ये ठोकळा ठेवून माझ्या सहकाऱ्याकडून आणलेले शिकंजे आवळले. कडेने जास्तीची राळ मधासारखी ओघळली. त्या रात्री आम्ही तिघं हॉलमध्ये झोपलो.

पुढच्या शनिवारी तो ठोकळा घेऊन आम्ही पुन्हा त्या जागेत गेलो. नवराही आला, जीन्सचं काय झालं ते त्याला बघायचं होतं. माझ्या सहकाऱ्याने सगळ्यांना मास्क दिले, कारण हा भुसा फुप्फुसात जाऊ द्यायचा नसतो, आणि करवत चालू केली. ठोकळा दुभंगला. आत एकही पोकळी नव्हती. मी ओरडलेच. काठावर नुसत्या सरळ रेषा दिसत होत्या, निळ्यात पिवळ्या, वहीच्या समासासारख्या. पण त्याने कणकेच्या गोळ्याकडे बघत बघत मुठीला गोलाई द्यायला सुरुवात केली आणि त्या रेषा वाकायला लागल्या. पाण्याखाली घासता घासता पिवळे वळसे उमटले, एकात एक.

"अगं, खोडाचा छेद!" आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "वाढीची वर्तुळं बघ! कापडाला वाढीची वर्तुळं!"

माझा सहकारी मशीन थांबवून स्वतःच बघत उभा राहिला. त्याने इतक्या मुठी केल्या होत्या, पण मिकार्टाचा ठोकळा त्याने नेहमी विकतच आणला होता. "आँटी, मलाही करायला शिकवा," तो म्हणाला.

खिळे ठोकून, घासून चाकू तयार झाला तेव्हा आईने आधी हात भिजवले. मग चाकू धरला. चिमटीत पातं पकडून उघडलं, मिटलं, परत उघडलं. तिचा चेहरा आक्रसला नाही. ती नुसती उघडत आणि मिटत राहिली, आणि आम्ही तिघं लहान मुलांसारखे तिच्याभोवती उभे राहिलो.

रविवारी सकाळी बागेत आज्जी वाटच बघत होत्या. आईने लाल जास्वंदीचा शेंडा छाटला, खुंटाला मधोमध चीर दिली. केशरी काडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी तासली. प्रत्येक बाजूला एकच काप, परत हात नाही. सालीची कड कुठे चुरगळली नाही. हाताला चीक आणि माती लागली होती, तरी मूठ जागची हलली नाही. पाचर चिरेत बसवली, प्लास्टिकची पट्टी गुंडाळली, वरून पिशवी घातली. आज्जींनी मुठीवरच्या पिवळ्या वर्तुळांवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. काय ते आम्हाला कळलं नाही, पण आई लाजली.

त्यानंतर आई रोज खाली जाऊन पिशवीत डोकावायची. एक आठवडा गेला, दुसराही संपत आला. काडी हिरवी होती, बाकी काही नाही. माझा सहकारी रोज जेवताना विचारायचा.

मग एका सकाळी, तुआसला, मी आणि माझा सहकारी एका मोठ्या मीटिंगमध्ये बसलेलो असताना माझा फोन थरथरला. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. मी घाबरून उचलला.

"फुटलं गं! दोन पानं! अगदी मोहरीएवढी, पण आहेत!"

मागून आज्जी ओरडत होत्या, "टू लीफ! टू लीफ!" मग फोन त्यांनीच हिसकावून घेतला असावा, कारण पुढचं सगळं हॉकियनमध्ये होतं आणि आई मागे हसत होती. मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. टेबलाच्या पलीकडून माझ्या सहकाऱ्याने आवाज न करता ओठ हलवून विचारलं, झालं का?

मी दोन बोटं वर केली. तो खुर्चीतून उठलाच.