खिळ्यावरची चावी

पनवेलच्या त्या छोट्या ऑफिसात माझी पहिली नोकरी होती. प्रोबेशनचे दोनच दिवस उरले होते. घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला मीच. उरणच्या बाजारात मासे विकणाऱ्या माझ्या आईने आळीभर सांगून ठेवलं होतं, पोरगा आता कायम होणार.

जासईच्या यार्डांत ये-जा करणाऱ्या कंटेनरची नोंद आमच्या क्लाउडवरच्या मशीनवर राहायची. कुणी अनोळखी लोक तिथे सतत पासवर्डचे अंदाज मारत होते. सर म्हणाले, "आज पासवर्ड बंद कर. चावीनेच आत जायचं. पण आम्हा सगळ्यांनाच बाहेर ठेवलंस, तर कायम व्हायचं विसर."

मी चाव्यांची जोडी बनवली. एक फाइल मशीनवर ठेवायची, कुलपासारखी. दुसरी खरी चावी, आपल्याजवळ. ती मी ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. मी नसलो तर कुणाचं अडू नये, एवढाच हेतू. पण लॉगइन होईना. चावी फार उघडी आहे, ती वापरणार नाही, असा इंग्रजी संदेश पुन्हा पुन्हा यायचा. उघडी म्हणजे काय, तेच कळेना.

जेवायच्या सुट्टीत बाजारातून आईचा फोन आला.

"घराची चावी खिशातून नेलीस काय रं?"

खिशात हात घातला. होती.

"काकी दारात उभी हाय, मासल्यांची पाटी घेऊन. चावी खिल्ल्यालाच ठेवायची, आख्ख्या आळीला ठाव हाय. शिकून तुलाच ठाव नाय!"

मी हसायला लागलो. आमच्या ओटीवरच्या खिळ्याची सवय मी ऑफिसात आणली होती. आख्ख्या आळीला ठाऊक असलेली चावी ते मशीन घेणार नव्हतं.

सगळ्यांना दिसलेली ती जोडी मी टाकून दिली. नवी बनवली, कुलपाची फाइल मशीनवर चढवली, खरी चावी माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवली आणि माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी केली. चुकलंच तर परत फिरता यावं म्हणून स्क्रीनवरची जुनी, पासवर्डने उघडलेली खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगइन केलं. पासवर्ड न विचारता मशीनने आत घेतलं! मग पासवर्डचा रस्ता बंद केला.

सरांनी आपल्या जागेवरून पासवर्ड टाकून पाहिला. मशीनने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा नाही.

"अरे, मलाच हाकललंस की!"

"तुमची जोडी बनवा, सर. कुलपाची फाइल मला द्या, मी चढवतो. चावी मात्र मलाही दाखवू नका."

सर मोठ्याने हसले. "परवा कायम केल्याचं पत्र घेऊन जा," म्हणाले.

संध्याकाळी उरणला पोचलो, तर काकी अजून ओटीवरच बसलेली, आई शेजारी. मी आधी दार उघडून चावी खिळ्याला लावली, मग बातमी सांगितली. काकी उठली आणि सांगायला आळीत निघाली.