सलग चित्रण

नवा कायदा आला तेव्हा आम्हा पोलिसांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. झडती आणि जप्तीचं मोबाइलवर चित्रण करायचं, आणि ते मध्ये कुठेही तुटता कामा नये. मोबाइल मात्र ज्याचा त्यानं वापरायचा. वर आमच्या साहेबांची तंबी, “फोन बंद ठेवायचा नाही, मी केव्हाही विचारीन.”

तिरोड्याकडच्या एका गावात मोहाची दारू पकडायला गेलो. घरात म्हातारी एकटीच होती. गावातले दोघे पंच म्हणून दारात उभे केले. मी चित्रण सुरू केलं, शिपायानं धान साठवायच्या बांबूच्या ढोलीमागून प्लास्टिकची डबकी, म्हणजे दारूचा कॅन, ओढून काढली, आणि माझा फोन वाजला. साहेब होते. “चित्रण सुरू केलं का?” केलं होतं, तुमच्याच फोननं बंद पडलं, हे काही तोंडातून निघालं नाही. “हो सर,” म्हटलं.

डबकी परत ढोलीमागे गेली. पंच परत दारात उभे राहिले. पुन्हा सुरुवात केली, तर डबकी दिसते न दिसते तोच साहेब. “सलगच घेऊन राहिल्या ना?” माझं डोकं असं सणकलं की फोन विहिरीत फेकावासा वाटला.

तिसऱ्यांदा म्हातारीनंच डबकी उचलून जागेवर ठेवली. मी मोबाइल वर धरला, आणि तो वाजला. पंच मान खाली घालून हसू दाबायला लागले. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“पयले त्या सायबाचा फोन जप्त कर वो बाई, मंग माही डबकी ने.”