दोनावर तीन

"ट्रॅक ३२ काढून टाका. आजच."

सोमवारी सकाळी अकराला सुमेधचा मेसेज आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात डबा फ्रिजमध्ये ठेवत होते. पुढे ताई नाही, मागे प्लीज नाही. एरवी 'ताई, चहा झाला का' विचारल्याशिवाय हा मुलगा कामाचं बोलत नाही. म्हटलं, काहीतरी बिनसलंय.

सुमेध म्हणजे 'कडीकोयंडा' बँडचा गायक. चारकोपची चार मुलं, सगळी एकाच सेक्टरमध्ये वाढलेली. त्यांचा पहिला अल्बम दहा गाण्यांचा होता, चटपटीत, कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ. शुक्रवारी दुसरा आला, 'बदललेला पत्ता'. चाळीतून सेक्टरच्या घरात आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. बत्तीस ट्रॅक. दोन तास वीस मिनिटं.

आमची कंपनी डिस्ट्रिब्युशन करते. म्हणजे गाणी बँडने करायची आणि ती तुमच्या फोनमधल्या म्युझिक ॲपपर्यंत आम्ही पोचवायची. माझ्याकडे डिलिव्हरी. फाइल धड आहे का, नाव बरोबर आहे का, गीतकार कोण, गाण्यांचा क्रम काय. पोस्टमनचंच काम म्हणा. पत्रात काय लिहिलंय ते पोस्टमनला माहीत नसतं, आणि इथेच मी मार खाल्ला.

शुक्रवार संध्याकाळपासून फॅन्समध्ये नुसती जुंपली होती. 'दोन तास वीस मिनिटं? पिक्चर आहे का?' 'मध्येच झोप लागली, उठलो तरी चालूच.' त्यावर दुसरी पार्टी, 'ज्यांना पंधरा सेकंदांच्या रील झेपतात त्यांनी लांब राहा.' सगळ्यात जास्त मारामारी शेवटावर होती. 'शेवट काय रडका यार, सगळी वाट लावली.' आणि लगेच खाली, 'शेवट ऐकून गाडी बाजूला घेतली आणि रडलो. मास्टरपीस.' एका मुलीने विचारलं होतं, 'शेवटी त्या बाई "दोनावर तीन" म्हणून थांबतात. का?' तिला उत्तर मिळालं होतं, 'आयुष्य अपूर्णच असतं भावा.' ती मुलगी आहे हेसुद्धा त्याने बघितलं नव्हतं. मी शनिवारी घरी बसून हे वाचत खो खो हसत होते. हसा म्हणावं.

तर, ट्रॅक काढणं. ॲपवरून गाणं एकदा काढलं की त्याचा ॲपमधला ओळखनंबर मेला. लोकांनी किती वेळा ऐकलं, कुणी आपल्या यादीत ठेवलं, सगळं पुसलं जातं. पुन्हा टाकलं तर ते नवं गाणं. म्हणून काढण्याआधी ते उघडून बघायचं असा नियम आहे. मी ३२ उघडला.

नाव आलं 'बाईंचा वर्ग'.

माझ्या आठवणीत शेवटचं गाणं 'गच्ची' होतं. ढोल, टाळ्या, सगळी बिल्डिंग नाचतेय असं. मी सुमेधला मेसेज टाकला, '३२ म्हणजे नक्की कुठलं?'

त्याचं उत्तर आलं, 'गच्ची. सगळे म्हणतायत शेवट रडका. नाचायचं गाणं लोकांना रडकं वाटत असेल तर मला गाणं येतच नाही ताई. आज ते काढा. बाकीची कुठली काढायची ते उद्या सांगतो, बारा-चौदाच ठेवू.'

मी हेडफोन लावले आणि 'बाईंचा वर्ग' पहिल्यापासून ऐकला. दीड-पावणेदोन मिनिटांची फाइल. वाद्य एकही नाही. एक बाई लहान मुलांना आकडे घोकून घेतायत. "दोनावर एक?" पोरं ओरडतात, "एकवीस!" "दोनावर दोन?" "बावीस!" "दोनावर तीन?" आणि फाइल संपते. पोरांचं उत्तर येतच नाही.

हे मी आधी ऐकलं नव्हतं असं नाही. चेक करताना प्रत्येक गाण्याची पहिली दहा सेकंदं आणि शेवटची दहा ऐकतात, कुठे खरखर आहे का, आवाज तुटतोय का एवढंच. शेवट तुटलाय असं मी त्याला कळवलंसुद्धा होतं. 'तोडलाच आहे ताई,' असं उत्तर आलं आणि मी त्यापुढे टिक केली होती.

आता मान वर केली. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती, माझ्याच अक्षरात. ९, पुढे बाण, ३२.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. "ताई, नऊ नंबरला 'बाईंचा वर्ग' आहे ना, ते उचला आणि तेवीसला टाका. तेवीसलाच हं." मी "हो रे बाबा" म्हणत लिहून घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, तेवीसचे बत्तीस कसे होतात? माझे होतात. आमचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दोनच गोष्टी केल्या. नाहूरला घर घेतलं आणि मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. मराठी मी फाडफाड बोलते, भांडते तर त्याहून झकास. पण आकड्यांशी माझं वाकडं आहे. मराठीत एकक आधी येतो, ते-वीस. कानावर तीन आधी पडतो आणि माझा हात तीन आधी लिहून मोकळा होतो. एकोणसाठ की एकोणसत्तर हे मी अजून भाजीवाल्याला इंग्लिशमध्ये विचारते. लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

म्हणजे लोक ज्या शेवटावर तीन दिवस रडत होते आणि शिव्या घालत होते तो शेवट सुमेधचा नव्हताच. माझा होता! क्रमाची यादी मी त्याला पाठवली होती, पण तो प्रवासात होता, त्याने न उघडताच अंगठा पाठवला. आणि रिलीजनंतर आठवडाभर स्वतःचा अल्बम ऐकायचा नाही असा त्याचा नेम. तो फक्त शिव्यांच्या कॉमेंट वाचत होता आणि आपल्याच गाण्यांना कात्री लावायला निघाला होता.

मी देवांगच्या केबिनमध्ये गेले. देवांग माझा बॉस, माझ्याच वयाचा, घाटकोपरचा. सगळं ऐकून त्याने खुर्ची मागे रेटली.

"सिंपल आहे ना. त्याला गच्ची काढायचीये, गच्ची ३१ वर आहे. ३१ काढ. खतम."

"आणि क्रम?"

"क्रम कोणाला माहितीये? तो ऐकत नाही. पब्लिकला शेवट आवडलाय."

"अर्ध्या पब्लिकला."

"अर्धी पब्लिक कमी असते काय? हे बघ तृप्ती, मार्चमध्ये तू दोन गीतकारांची नावं इकडची तिकडे केलीस, तेव्हा मी सांभाळून घेतलं. परत मेल वर गेला तर मी काही करू शकणार नाही. नीट विचार कर."

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मला त्याचं अगदी पटलं होतं. घराचा हप्ता आहे, मुलगी दहावीला आहे. एक बटण दाबलं की विषय संपत होता. जागेवर येऊन ३१ वर कर्सरसुद्धा नेला. पण डोक्यातून त्याचं 'मला गाणं येतच नाही' जाईना. उठले, जिन्यात गेले आणि फोन लावला. पहिलं वाक्य दोनदा बोलावं लागलं.

"सुमेध, गच्ची शेवटी नाहीये. माझ्याकडून चूक झाली. तू तेवीस म्हणालास, मी बत्तीस लिहिलं. शेवटी 'बाईंचा वर्ग' गेलंय. लोक रडका म्हणतायत ते त्याला."



"म्हणजे गच्चीला कोणी रडकं म्हणत नाहीये?"

"गच्चीवर नाचतायत रे लोक. व्हिडिओ टाकलेत त्यांनी."

मग तो हळूच म्हणाला, "ताई, ती माझी आई आहे. सेक्टरमध्येच बालवाडी चालवायची. एका पोराच्या बापाने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ती गेल्यावर तिचा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे."

मी मागचं दार लोटून घेतलं.

"ती विचारते, दोनावर तीन? आणि पोरांचं उत्तर मी मुद्दाम काढलं. ऐकणाऱ्याने फोनकडे बघायचं. ट्रॅक नंबर तेवीस. उत्तर तिथे लिहिलेलं असणार होतं." मग म्हणाला, "आता तिथे बत्तीस दिसतंय. तीन दिवस सगळे आईला चुकीचं उत्तर देतायत."

इतकी शरम मला मार्चमध्येही वाटली नव्हती. "सॉरी रे," एवढंच तोंडातून आलं.

"यादी मीही उघडली नाही," तो म्हणाला. मग एकदम, "ताई, तुम्ही इंग्लिश मीडियम का?"

"हो."

"आई असती तर उभं केलं असतं तुम्हाला."

"उभीच आहे मी."

"मग म्हणा. दोनावर एक?"

"एकवीस."

"दोनावर दोन?"

"बावीस." वरून एक कुरियरवाला उतरत होता. तो माझ्याकडे बघत बघत गेला.

"दोनावर तीन?"

"तेवीस," मी म्हटलं.

"बरोबर," सुमेध म्हणाला. "बसा."

एकही गाणं काढलं नाही. नवा क्रम मी त्याच दुपारी पाठवला, सगळ्या ॲपवर दिसायला बुधवार उजाडला. वर मेल देवांगच्या आधी मीच टाकला. वॉर्निंग लेटर मिळालं, दुसरं. नोकरी राहिली. देवांग दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, तिसऱ्या दिवशी खाकरा घेऊन आला. सुमेधने बँडच्या पानावर एकच ओळ टाकली, 'गाण्यांचा क्रम चुकला होता, चूक आमच्याकडून झाली.' माझं नाव कुठेच नाही.

फॅन्स गप्प बसले असतील असं वाटलं? छे! आधी जे रडले होते ते आता भडकले, 'आमचा शेवट परत करा.' ज्यांना रडका शेवट नको होता त्यांना आता शेवटी फार आवाज वाटायला लागला. 'का' विचारणाऱ्या त्या मुलीने मात्र खाली फक्त '२३' लिहिलं. तिला कुणी लाइक दिलं नव्हतं. मी दिलं.

तेव्हापासून फोनवर कुणीही आकडा सांगितला की मी विचारते, "दोनावर तीन, की तीनावर दोन?" ऑफिसातली नवी मुलं हसतात. हसू देत.

आणि मीही आता तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाय. लांबलाय का? मला विचाराल तर हो, चारेक गाणी कमी चालली असती. कुठली, ते मात्र फोनवर सांगणार नाही. लिहून देईन, आकड्यात आणि अक्षरी.