जागा न सांगणारा तांडेल

तंत्रनिकेतनात तीस वर्षे सी भाषा शिकवून मी मालवणजवळच्या गावी परतलो. तिथल्या मच्छीमार सोसायटीने बर्फाच्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम माझ्याकडून लिहून घेतला. कारकून बाई एका ओळीत तीन गोष्टी देत: -b पुढे होडीचा क्रमांक, -j पुढे मासळी सापडली ती जागा, -w पुढे वजन. बर्फ वजनाप्रमाणे मिळे.

एका सकाळी एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, पावतीवर वजन शून्य आले. जागेसमोर ‘-w’ छापले होते. बर्फ नाकारला गेला आणि त्याची सुरमई उन्हात राहिली.

तांडेल जागा सांगेना, म्हणून बाईंनी -j लिहून पुढे काहीच दिले नव्हते. दोष माझा होता. ओळ वाचणारे getopt हे फंक्शन -j पुढचा शब्द, तो -w असला तरी, जागा म्हणून गिळते. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी गुण कापले असते.

अध्यक्षांनी बजावले की उद्या पुन्हा शून्य आले तर प्रोग्रॅम बंद. जागा सक्तीची करा, असेही सुचवले. तांडेल समोरच उभा होता.

“मास्तर, ती जागा माझ्या बापाशीन माका मरताना सांगल्यान. तुमच्या मशनीक कित्याक सांगू?”

मी सक्ती केली नाही. दुपारी getopt ला दिलेल्या b, j, w या पर्यायांच्या यादीच्या आरंभी कोलन घातला. त्यामुळे पर्यायापुढचे मूल्य न देताच ओळ संपली तर getopt तसे कळवू लागले. मूल्य ओळीच्या मध्येच गळले असेल, तर त्याची तपासणी मी स्वतः लिहिली: घेतलेला शब्द ‘-’ ने सुरू होत असेल तर तो मूल्य नव्हे, optind, म्हणजे पुढे कोणता शब्द वाचायचा तो आकडा, एकाने मागे आणून तोच शब्द पुन्हा पर्याय म्हणून वाचायचा. जागा नसली तर पावती निघेल. वजन नसले तर निघणार नाही.

दुसऱ्या सकाळी बाईंनी -j पुढे पुन्हा काही लिहिले नाही. पावती निघाली: जागा सांगितलेली नाही, वजन चाळीस किलो. अध्यक्षांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः -w नंतर काहीच न लिहिता ओळ संपवून पाहिली. पडद्यावर ‘वजन द्या’ एवढेच उमटले. ते हसले.

तांडेलाने बर्फ पाटीत भरून घेतला आणि जाता जाता म्हणाला, “मशीन शाणी झाली, मास्तर.”

“मशीन नव्हे,” मी म्हणालो. “मी.”