पिंजऱ्यावरची खोळ

ऊन डोंगरामागे उतरलं की मुलुंडच्या आमच्या सोसायटीवरून एक हिरवा कल्लोळ जातो. तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. कीर्र, कीर्र अशी तीक्ष्ण, किंचित उद्धट हाक येते आणि तिच्या पाठोपाठ लांब शेपट्या ताणून पोपटांचे थवे येतात, बी विंगपलीकडच्या विशाल पर्जन्यवृक्षावर उतरतात आणि क्षणार्धात पानांत दिसेनासे होतात. मग ते झाडच बोलू लागतं. कुणी कुठले पेरू कोरले, कुठल्या गॅलरीतून कोण हातात काठी घेऊन धावलं, आज कुठल्या फांदीवर कुणी बसायचं, अशीच काहीतरी ती वादावादी असावी. भांडण म्हणावं तर त्यात केवढा आनंद! त्या वेळी मी बहुधा दादाच्या गॅलरीत चहा पीत बसलेली असते. आणि नेमक्या त्याच वेळी माझा दादा खुर्चीवरून उठायचा, ‘गप! गप बस रे!’ असं दरडावायचा आणि आपल्या पोपटाच्या पिंजऱ्यावर जाड निळी खोळ ओढायचा.

दादा माझा थोरला भाऊ. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं सरली. सुपरवायझर होऊन निवृत्त झाला, मुलगा-सून बंगळुरूला गेले, आणि आयुष्यभर माणसांना शिस्त लावलेल्या त्या गृहस्थाला घरात शिस्त लावायला कुणी उरलं नाही. वहिनीवर तो प्रयोग पूर्वीच फसला होता. अशात कुणीतरी ओळखीच्याने त्याला एक पिल्लू आणून दिलं, अंगावर धड पिसंही न फुटलेलं. कुठल्या झाडाच्या ढोलीतून, कुठल्या आईच्या चोचीसमोरून ते उचललं होतं, हे विचारायची पद्धत नाही. आपले हे पोपट घरात डांबायला कायद्याने बंदी आहे, हे मी सांगितलं तेव्हा दादा हसला. ‘अगं, सगळेच पाळतात. कोण येतंय बघायला?’ पिल्लाचं नाव ठेवलं राजा. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, एवढं ज्याचं राज्य, त्याला राजा म्हणायला आपली जीभ कशी अडखळत नाही?

मग शिक्षण सुरू झालं. सकाळी देवपूजा उरकली की दादा पिंजऱ्यासमोर स्टूल ओढायचा. वाटीत भिजवलेली चण्याची डाळ, हातात हिरवी मिरची. ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटलं की डाळ, ‘या, बसा’ म्हटलं की मिरची. न म्हटलं तर वाटी परत आत. राजा हुशार होता. मान वाकडी करून, डोळ्यातली बाहुली लहानमोठी करत तो ऐकायचा, आणि बघता बघता दादाचा आवाज त्याने असा उचलला की स्वयंपाकघरातून वहिनी ‘काय म्हणालात?’ म्हणून बाहेर यायची. पाहुण्यांसमोर त्याचे खेळ होऊ लागले. शेवटी दादा पिंजऱ्याचं दार सताड उघडायचा आणि अभिमानाने म्हणायचा, ‘बघा, दार उघडं आहे. जातोय का कुठे? माया लागली की असं होतं.’ पाहुणे सद्गदित व्हायचे. त्या मायेखाली कातरलेली पिसं मात्र कुणी पाहायचं नाही! पंख छाटायचे, दार उघडायचं आणि तो गेला नाही याला प्रेम म्हणायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि समोर बशीत चकल्या असायच्या.

खोळीची रीत त्याला पोपट पाळणाऱ्या मंडळींनीच सांगितली होती. रानातल्या पोपटांचं ओरडणं कानावर पडलं की पाळलेला पोपट शिकवलेलं विसरतो, म्हणून थवे यायच्या वेळी त्याला झाकून टाकावं, असा त्यांच्यात दंडकच आहे म्हणे. आणि राजाचं तसं व्हायचंही. दिवसभर ‘या, बसा’ करणारा तो शहाणा पक्षी पहिली हाक ऐकताच दांडीवर ताठ व्हायचा, अंगावरचं पीसन्‌पीस फुलवायचा आणि सगळ्या देहाचा कंठ करून ओरडायचा. कीर्र! ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यासाठी कुणी डाळ दिली नव्हती. तेवढंच त्याचं स्वतःचं होतं, आणि नेमकं तेच आम्हाला गोंगाट वाटत होतं.

वहिनी मालवणकडची. तिला ते बघवायचं नाही. दादाच्या पाठीमागे उभी राहून ती मला म्हणायची, ‘सगे इले तेचे. हाक मारतलोच तो.’ एवढं साधं, एवढं उघड सत्य! पण मी दादाशी वाद घालायला गेले की तो खोळीचे बंद बांधता बांधताच म्हणायचा, ‘शुभे, तुला काय कळतं गं? बाहेर मांजराच्या तोंडी गेला असता. इथे डाळ काय, मिरची काय, झकास चाललंय त्याचं.’ मी म्हणायचे, ‘दादा, हा तुझा कारखाना नाही. भोंगा वाजला की तोंड बंद करायला तो काय कामगार आहे?’ मग तो रुसायचा आणि मी उरलेला चहा तसाच ठेवून घरी निघून यायचे.

घरी आल्यावरही राग निवत नसे. आपल्या भाषेने या पक्ष्याचा केवढा उपमर्द करून ठेवला आहे! अर्थ न कळता बडबड केली की ती पोपटपंची. फजिती झाली की आमच्या मुंबईत ‘पोपट झाला’. अहो, अर्थ न कळता बोलायला त्याला लावलं कुणी? त्याची भाषा तर त्याला उत्तम येत होती. पैठणीच्या पदरावर आपण त्याला रेशमात विणतो, लग्नाच्या रुखवतात लोकरीचा करून मांडतो. आणि खराखुरा जिवंत पोपट हाती लागला की पहिली आठवण होते ती कात्रीची. बरं, हे केवळ पोपटाशीच करतो का? दिवाणखान्यात पाहुणे टेकले की आतल्या खोलीत आपल्याच नादात गुणगुणत खेळणारं पोर ओढून आणायचं, आणि ‘काकांना ती इंग्रजी कविता म्हणून दाखव’ म्हणून उभं करायचं. त्याचं गुणगुणणं कुणाला ऐकायचं असतं? आपल्याला फक्त आपणच शिकवलेलं परत ऐकायचं असतं, दुसऱ्याच्या तोंडून, आणि वर टाळ्याही हव्या असतात.

हळूहळू राजा संध्याकाळी शांत होऊ लागला. आधी खोळीच्या आतून धडपड ऐकू यायची, दांडी हलायची, दबलेली का होईना पण हाक यायची. नंतर नुसती दांडी हलायची. मग तेही थांबलं. दादा खूश. ‘बघ, शहाणा झाला,’ म्हणाला. मी चहाचे कप उचलून आत गेले. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

दिवाळी होऊन गेल्यानंतरची गोष्ट. दादा वहिनीची औषधं आणायला खाली गेला होता आणि थवे यायची वेळ झाली. निळी खोळ खिळ्याला लटकत होती. मी वहिनीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. दोघींपैकी कुणीही उठलं नाही. आकाश हिरवं झालं, झाड बोलू लागलं. राजा दांडीच्या टोकाला सरकला. गजांना चोच लावून त्याने त्या झाडाकडे पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. त्याचं अंग फुललं. कंठाशी काहीतरी थरथरलं. मी त्या हाकेची वाट पाहत होते. आणि राजा बोलला. अगदी स्पष्ट, दादाच्या आवाजात, दादाच्या दरडावणीसकट. ‘गप! गप बस रे!’

झाडावरून आणखी एक थवा ओरडला. राजाने त्यालाही तेच उत्तर दिलं. हा धडा त्याला कुणी समोर बसवून शिकवला नव्हता, त्यासाठी वाटी पुढे केली नव्हती, तरी सगळ्यात पक्का तोच झाला होता. त्याची माणसं त्याला हाका मारत होती आणि तो त्यांना गप्प बसवत होता. वहिनीने पदर तोंडाला लावला. मी मागे वळले तर दारात दादा उभा, हातात औषधांची पिशवी. त्याने सगळं ऐकलं होतं. मी कित्येक महिने जी वाक्यं मनात घासून ठेवली होती, ती सगळी जिभेवर आली. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला बोलवेना. तो सावकाश आत आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि खोळीकडे गेला. ती खिळ्यावरून काढली, घडी केली आणि कपाटात ठेवून दिली.

नंतर आम्ही दोघं राजाला पक्ष्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी दादाला जे सुनावलं ते मीही इतकं सुनावलं नसतं. पिसं नवी येतील, म्हणाल्या. वनखात्याच्या माणसांशी बोलून त्याला सोडायचीही सोय होईल. पण हाकेला हाक देता आली नाही तर थवा त्याला आपला म्हणणार नाही. ती हाक परत येईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. वनखात्याच्या परवानगीचं त्यांनीच पाहिलं आणि तोवर त्याला त्या झाडासमोरच राहू द्या म्हणून सांगितलं. येताना रिक्षात दादा पिंजरा मांडीवर धरून बसला होता.

अजूनही ऊन डोंगरामागे उतरतं आणि तो हिरवा कल्लोळ सोसायटीवरून जातो. मी दादाच्या गॅलरीत असते. राजाच्या पंखांत नवी पिसं दिसू लागली आहेत. हाक अजून आलेली नाही. माझा राग गेला म्हणाल तर तसं नाही. ती पिसं दिसली की आधीची कातरलेली आठवतात आणि तो पुन्हा उसळतो. पण थवे यायची वेळ झाली की दादा टीव्ही बंद करतो, मोबाइलचा आवाज घालवतो, वहिनी गॅसवरचा कुकर उतरवते, आणि आम्ही तिघं पिंजऱ्यापासून दूर, भिंतीला टेकून बसतो. त्या वेळेपुरता माणसाचा एकही शब्द त्याच्या कानावर पडू नये म्हणून. परवा मला नेमका खोकला आला. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.